माळकऱ्यांच्या पंगतीतला सोमेश्वर

देवाला बोकड कापून घातलेल्या कंदुरीच्या जेवणात सोमेश्वरला कुठे बसवायचं, हे गावात कुणाला विचारावं लागत नसे. लिंबाखाली बोकडाच्या रश्श्याची मोठी पंगत बसायची आणि चार हात लांब माळकऱ्यांची छोटी. वाढपी लांबूनच हाक मारायचे, "सोमेश्वरभाऊ, तुमचं इकडं." सोमेश्वर मुकाट्याने जाऊन बसायचा आणि भातावर वरण ओतून घ्यायचा. रश्श्याचा वास तिथवर यायचाच, कारण वाऱ्याला पंगतीचे नियम कुणी सांगितलेले नव्हते.

असं अकरा वर्षं चाललं होतं. गंमत अशी, की सोमेश्वर माळकरी नव्हताच. माळ त्याच्या गळ्यात नव्हती, पेटीत नव्हती, त्याने ती कधी घातलीही नव्हती. सोमेश्वर ख्रिस्ती होता, आणि ही गोष्ट सेनगाव तालुक्यातल्या त्या गावात फक्त दोन माणसांना ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको जनकाबाई.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी सोमेश्वर नाव काढण्यासारखा दारुडा होता. एकदा पिऊन मोटरसायकलवरून पडला, पाय मोडला आणि महिनाभर दवाखान्यात राहून आला. जाताना गेला तो एक आणि आला तो दुसराच. दारू नाही, शिव्या नाहीत. शिवाय देवाला कापलेल्या बोकडाचं मटण तो खाईना. पारावर त्याचा जिवलग दोस्त उकंडराव त्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे सोमा, माळ घातली का काय?" सोमेश्वर हसला. ना व्हय म्हणाला, ना न्हाई. त्या एका हसण्यावर पुढची अकरा वर्षं उभी राहिली.

गावाला एकदा एखादी गोष्ट पटली की तिचे पुरावे गाव स्वतःच गोळा करतं. गळ्यात माळ दिसत नाही? कशी दिसेल, माणूस हळद शिजवायचा कुकर चालवतो, वाफेत माळ खराब होईल, घरी देवाजवळ ठेवत असेल. दर रविवारी सकाळच्या जीपने कुठे जातो? नरसीच्या देवळाला, दुसरं कुठे जाणार. खरं तर जीप नरसीवरून पुढे हिंगोलीला जायची आणि सोमेश्वरही तिच्यातच बसून पुढे जायचा, एका गल्लीतल्या छोट्या चर्चमध्ये. पण परतल्यावर शेजारची लेकरं प्रसाद मागायला लागली, तेव्हा या पठ्ठ्याने काय करावं? येताना नरसीला जीप थांबवून रस्त्यावरच्या दुकानातून पावशेर चिरमुरे घ्यायला सुरुवात केली. खोटं बोलायचं नाही म्हणून गप्प बसलेला माणूस गप्प बसूनच केवढं खोटं बोलू शकतो, ते सोमेश्वरकडून शिकावं.

तो वाईट नव्हता, भित्रा होता. कळमनुरीकडच्या एका माणसाची गोष्ट त्याने ऐकली होती. तो चर्चला जातो हे कळल्यावर "किती पैसे घेतले?" असं लोकांनी तोंडावर विचारलं आणि त्याच्याशी कुणी बोलेना. सोमेश्वरचं पोट हळदीच्या हंगामावर चालायचं. लोकांनी बोलावलं तर कुकर, नाही तर घरी बसा. म्हणून दोघांनी मिळून जायचंही टाळलं. नवराबायको दोघं दर रविवारी नरसीला जातात म्हटल्यावर आणखी चारजण बरोबर यायला निघाले असते. जनकाबाई तेवढी नाताळाला जायची, माहेरचं निमित्त काढून. एरवी घरीच, दार लोटून, एकटी प्रार्थना करायची.

यंदा मार्चमध्ये सोमेश्वरचा कुकर उकंडरावाच्या शेतात लागला होता. वाळल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर पाण्याची टाकी, टाकीतून वाफेच्या नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला हळदीने भरलेले चार ड्रम. ड्रमच्या तोंडातून वाफ जोरात यायला लागली की ओळखायचं, शिजली. मग ड्रम उलटायचा आणि दुसरा भरायचा. सोमेश्वर वाफेवर डोळा ठेवून उभा होता, तेवढ्यात उकंडराव बांधावरून हळूहळू चालत आला. पाय सुजलेले, पोट पुढे आलेलं, आणि डोळे पिवळे झालेले.

"सोमा, आज पाचवा दिवस हाय. थेंब घेतला न्हाई."

"लई बरं केलं."

"बरं कशाचं? हात बघ." त्याने हात पुढे केला. हात थरथरत होता. "डॉक्टर म्हनला, आता परत घेतली तर पोरीच्या, प्रतीक्षाच्या लग्नात माझा फोटो असंल, मी नसंल. गोळ्या चालू हायत. पर सांज झाली की पाय आपोआप फाट्यावरच्या गुत्त्याकडं वळून राहिले. म्हनून ठरवलं. माळ घालतो."

सोमेश्वरने मान हलवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "घाल ना."

"अशी कुनाच्या बी हातानं न्हाई. तुला ज्या महाराजांनी घातली, त्यांच्याच हातानं. तुझी अकरा वर्सं टिकली, म्हंजी हात पक्का हाय त्यांचा. येत्या रविवारी मला नरसीला ने."

वाफ कधीची भसाभसा बाहेर पडत होती, पण सोमेश्वरला ती दिसेना. गड्यांनी ओरडून सांगितलं तेव्हा तो भानावर आला. तो ड्रम उलटला तर हळद बोटाने दाबताच पिचकली. अकरा हंगामांत त्याच्या हातून हळद जास्त शिजण्याची ही पहिलीच वेळ.

"नेशील ना?" उकंडरावाने विचारलं.

"नेतो," सोमेश्वर म्हणाला. जीभ सवयीची गुलाम झालेली होती.

घरी आल्यावर त्याने सगळं जनकाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाली, "मग सांगून टाका त्यायला."

"काय सांगू? माळच न्हाई म्हनलं तर त्याचा भरोसा तुटंल. त्याच भरोशावर पाच दिस काढलेत त्यानं. थेट फाट्यावर जाईल."

"अन् न्हाई सांगितलं तर? नरसीला नेऊन महाराज म्हनून कुनाला दाखवता? चिरमुऱ्यावाल्याला?"

सोमेश्वरला याही परिस्थितीत हसू आलं. जनकाबाईला आलं नाही.

"अवो, दवाखान्यातली ती रूपाबाई तुमाला वळखत बी नव्हती. तुमच्यासाठी प्रार्थना करू का, हे विचारायला तिला दोन मिनिटं लागली न्हाईत. अन् उकंडभावजीसंग तुमी एका ताटात जेवलात. त्यायचा जीव जाऊन राहिला, अन् तुमी गावाला भिऊन राहिले."

सोमेश्वर जेवला आणि उठला.

पुढचे तीन दिवस तो कुकरपाशी उभा राहून काय बोलायचं त्याची तयारी करत होता. चर्चमध्ये ऐकलेली सगळी चांगली वाक्यं त्याने आठवून पाहिली. "प्रिय बंधो" इथून सुरुवात करावी असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं, की उकंडरावाला जन्मात कुणी प्रिय बंधो म्हटलेलं नाही आणि म्हटलं तर तो आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. पुढची वाक्यंही तशीच निघाली. ती ऐकायला गोड होती, पण उकंडरावाला सांगण्यासारखं त्यांत काही सापडेना.

रविवार उजाडला. उकंडराव आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून थांब्यावर आधीच उभा होता. त्याची बायको पार्वतीबाई नारळ आणि फुलांची पिशवी घेऊन सोबत आली होती. जीप आल्यावर तिने पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि सोमेश्वरपुढे हात जोडले.

"भावजी, नऊ दिस झाले आज. तुमच्या भरोशावर पाठवून राहिले."

सोमेश्वरला जीपमध्ये चढताना पायरी सापडेना. आत माणसावर माणूस. उकंडराव दोन बायांच्या टोपल्यांमधून त्याच्याकडे बघून हसत होता, शाळेच्या पहिल्या दिवसाला निघाल्यासारखा. सोमेश्वरला वाटलं, जीप पंक्चर व्हावी. पण हवं तेव्हा जीप कधी पंक्चर होत नाही. नरसी आलं आणि दोघे उतरले.

उतरल्या उतरल्या चिरमुऱ्याच्या दुकानदाराने ओळखीचं हसून विचारलं, "पावशेरच ना?"

"बघ, दुकानदार बी वळखतेत तुला," उकंडराव कौतुकाने म्हणाला. "चल. महाराज कुठं असतेत?"

दुकानाशेजारी एक लाकडी बाकडं होतं. सोमेश्वर त्याच्यावर बसला.

"उकंड, बस जरा. महाराज न्हाईत."

"गावाला गेले का?"

"न्हाई. कधी नव्हतेच. मी माळ घातलीच न्हाई."

उकंडराव बसला. पिशवी त्याने मांडीवर घेतली. तयार केलेली वाक्यं सोमेश्वरच्या डोक्यातून केव्हाच पळाली होती. जे तोंडात आलं तेच तो बोलू लागला.

"मी येशूला मानतो. हिंगोलीत चर्चला जातो, दर रविवारी. ते दवाखान्यातनं. माझा पाय वर टांगलेला अन् मनात एकच, कवा सुटतो अन् कवा पितो. शेजारच्या खाटंवर एक म्हातारा व्हता, त्याची बायको रूपाबाई. ती नवऱ्यासाठी प्रार्थना करायची. एक दिस मला म्हनली, तुझ्यासाठी बी करू का? मी म्हनलं, कर बाई, माझं काय जातं. तर तिनं डोळे मिटले अन् म्हनली, देवा, हे लेकरू तुजंच हाय, याला टाकू नको. मला कुनी लेकरू म्हनून किती वर्सं झालती. मी बायावानी रडलो."

तो थांबला. मग पुढे म्हणाला, "त्या दिसापासनं सुटली, असं न्हाई. घरी आल्यावर दोनदा पिलो चोरून. पर दोन्ही टायमाला वाटलं, त्यानं मला टाकलं न्हाई. परत गेलो तर जवळ घेतो. घरात समद्यायनं हात टेकले व्हते, येशूनं न्हाई टेकले. तेवढ्यावर मी उभा हाय, उकंड. बाकी पुस्तकातलं मला लई सांगता येत न्हाई."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. एवढं बोलायला चार मिनिटंही लागली नव्हती, आणि सोमेश्वरच्या मानेवरचं जू उतरलं होतं. पण उकंडरावाचा चेहरा बघून त्याला नीट श्वास घेण्याचीही लाज वाटली.

"अकरा वर्सं," उकंडराव शेवटी म्हणाला. "मी तुझ्या पुढ्यात पीत व्हतो. माझं पोट फुगलेलं तू बघत व्हता. काहून न्हाई सांगितलं?"

"भ्यालो."

"कुनाला? मला?"

"तुला. गावाला. समद्यायला."

उकंडरावाने मान खाली घातली. नारळाची शेंडी पिशवीतून बाहेर आली होती, ती तो बोटाने कुरवाळत राहिला.

"पार्वती तीन वर्सांपासून डोकं खाऊन राहिली. सोमेश्वरभावजीला इचारा, त्यायचं कसं सुटलं. मी तिला काय सांगायचो ठाव हाय? म्हनायचो, ते माळंचं काम हाय. माळ घातली की दारूसंग मटन बी सोडावं लागतं. दारूचं बघू एक वेळ, पर मटन मला सुटायचं न्हाई. म्हनून तुला कधी इचारलंच न्हाई." मग त्याने तोंड वर केलं. "तू मटन खातो?"

सोमेश्वरला खोटं बोलायची आता ताकदच उरली नव्हती. "खातो. देवाला कापलेलं न्हाई खात. बाकी नाताळाला हिंगोलीत दोन वाट्या रस्सा पितो."

"अन् गावात अकरा वर्सं वरन पीत बसला."

"बसलो."

उकंडराव हसू लागला. आधी नुसता श्वास हलला, मग सुजलेलं पोट हलायला लागलं, मग ते पोट दोन्ही हातांनी धरून तो हसला. दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी लागलं, आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नव्हतं, हे सोमेश्वरला कळलं. तीन वर्षं. एका माणसाला दारू सोडायचा रस्ता विचारायचा होता आणि त्या रस्त्यावर सोमेश्वरने स्वतःच वरणाची पंगत मांडून ठेवली होती. सोमेश्वरने त्याचा हात हातात घेतला.

"चुकलं माझं, उकंड."

"लई चुकलं," उकंडराव म्हणाला, पण हात त्याने सोडवला नाही.

थोड्या वेळाने तो उठला. "पार्वतीनं नारळ दिलाय. तेवढा देवाला फोडून येतो. तू बस इथंच."

तो देवळाकडे गेला. सोमेश्वर बाकड्यावर बसून राहिला. हिंगोलीकडे जाणारी एक जीप निघून गेली, सेनगावकडे जाणारीही एक गेली. उकंडराव देवळाच्या बाजूने तिच्यात चढून घरी गेला असेल, असं त्याला वाटलं. फाट्यावर उतरला असेल, असंही वाटलं. तरी मन पहिल्यासारखं दडपेना. काय व्हायचं ते होवो, आता उकंडराव त्याला खरा ओळखत होता.

उकंडराव आला. खोबऱ्याचा तुकडा त्याने रुमालात बांधून घेतला होता.

"चल. कुठं हाय तुझं ते?"

"हिंगोलीला. तुला येऊनच पाह्यजे असं न्हाई."

"मी काही ख्रिस्ती व्हनार न्हाई, आधीच सांगतो. बसून बघतो."

"बघ."

चर्चमध्ये तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ, चपला नजरेसमोर ठेवून बसला. गाणी झाली, वाचन झालं. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं पाळकांनी विचारली, तेव्हा सोमेश्वर पहिल्यांदाच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझा दोस्त उकंडराव. दारू सोडून राहिला." चाळीस माणसांनी त्याच्यासाठी डोळे मिटले. उकंडरावाने मिटले नाहीत. तो एकेकाचं तोंड बघत होता. मग चहा झाला. परतीच्या जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "ते लोक मला वळखत बी न्हाईत."

दुपारी चारला जीप गावच्या थांब्यावर आली. हंगामाचे दिवस, तरी रविवार म्हणून पिंपळाखाली सात-आठ माणसं होती. गावातले जुने जमीनदार व्यंकटराव होते. उद्या कुकर त्यांच्या शेतावर लागायचा होता. तांड्यावरचा खेमा होता. आणि थोडं बाजूला, पदर सावरत, पार्वतीबाई उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

"घातली का माळ, उकंडराव?" व्यंकटरावांनी विचारलं.

उकंडरावाने एकदा सोमेश्वरकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाला, "न्हाई, ते... महाराज गावाला गेलते."

दोस्त होता तो. सोमेश्वरचं खोटं त्याने आपल्या खांद्यावर घेतलं, नऊ दिवसांच्या थरथरत्या अंगाने. सोमेश्वरला ते बघवेना. नुसतं गप्प राहिलं असतं तरी आणखी अकरा वर्षं सुखाने निघाली असती.

"महाराज न्हाईत कुनी," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "उकंड मला सांभाळून घेऊन राहिला. आमी हिंगोलीला चर्चला गेलतो. मी अकरा वर्सांपासून जातो. मी येशूला मानतो, माझी दारू त्याच्यापायी सुटली. माळ मी कधी घातली न्हाई. तुमी समजले अन् मी समजू दिलं, ती चूक माझी."

मग व्यंकटराव काठी टेकत उठले.

"उद्या माझ्याकडं कुकर आनू नको," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले. त्यांच्यामागे आणखी दोघे गेले.

ज्याला सोमेश्वर अकरा वर्षं भीत आला, ते हेच होतं. ते झालं, आणि झाल्यावर त्याला कळलं की ते एवढंच होतं. आभाळ जिथल्या तिथे होतं. खेमा डोकं खाजवत म्हणाला, "मंग उद्या माझ्याकडं आन की. माझी हळद उकरून चार दिस झाले, पडून राहिली. हळदीला काय कळतं कोन कुठं जातं ते."

आता पार्वतीबाई पुढे आली. ती आधी नवऱ्याच्या अगदी जवळ गेली, तोंडाचा वास येतो का ते तिने सगळ्यांदेखत पाहिलं. वास नव्हता. उकंडरावाने रुमाल सोडून खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो मुठीत धरला आणि सोमेश्वरकडे वळली. सोमेश्वरने मान खाली घातली. सगळ्यात जास्त तिचंच ऐकून घ्यायचं होतं त्याला.

"भावजी, तिथं बाया येतेत का?"

"येतेत, वहिनी. अर्ध्या बायाच असतेत."

"मंग जनकाबाईला आतापोतर घरी काहून ठेवलं?"

पार्वतीबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. ती जीपवाल्याकडे गेली आणि पुढच्या रविवारच्या चार जागा तिने आजच सांगून ठेवल्या.

सोमेश्वर घराकडे निघाला तेव्हा आधी चालत होता. वळण ओलांडल्यावर, आता आपल्याला कुणी बघत नाही असं वाटून, तो मोडून जुळलेल्या पायाने पळू लागला. जनकाबाईला हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत त्याला स्वतः सांगायचं होतं.